ऑस्ट्रेलियन बाभळीची पहिली पानं

दिवाळीचे कंदील उतरवून माळ्यावर गेले, की आमच्या सोसायटीत पिवळ्या रंगावरून कुरबुर सुरू होते. नवीन पनवेलमधल्या आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागून दोन ऑस्ट्रेलियन बाभळी आहेत. इमारतीच्याही आधीपासूनच्या. या दिवसांत त्या फुलतात. बोटभर लांबीच्या, लोकरीच्या वातीसारख्या पिवळ्या मंजिऱ्या जोडीजोडीने लटकतात, आणि सकाळी उठून खाली यावं तर गाड्यांच्या काचांवर, स्कूटरच्या सीटवर, पहारेकऱ्याच्या खुर्चीवर हळदीचा हात फिरवल्यासारखं दिसतं. मग कोणाला शिंका येतात, कोणाचा दमा उसळतो, कोणाची नुकतीच धुतलेली गाडी खराब होते. यंदा सभेत ठरलं की झाडं काढायची रीतसर परवानगी मागायची आणि त्या जागी आपली, देशी झाडं लावायची.

"मॅडम, तुम्ही बॉटनीच्या. रोपं तुम्हीच निवडून आणा," सेक्रेटरी म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही हो म्हटलं. त्या झाडाबद्दल कोणी मला काही विचारलं, की माझा चेहरा किंचित गरम होतो, हे त्या सभेत कोणालाच दिसलं नसावं. गेली वीसेक वर्षं तो होतोय. वर्गात होतो, बागेत होतो, हायवेच्या दुभाजकावर ही झाडं दिसली की गाडीच्या काचेआडही होतो.

हे झाड म्हणजे मुळात एक फसवणूक आहे, असं मी मुलांना दरवर्षी सांगते. फांदीवर जी विळ्याच्या आकाराची, लांबट, चामड्यासारखी जाड पानं दिसतात, ती पानं नव्हेतच. तो देठ आहे. पान धरायला जो देठ असतो तोच चपटा होत होत पानासारखा झालाय आणि पानाचं काम करू लागलाय. आम्ही त्याला फायलोड म्हणतो. नीट पाहिलं तर कळतं: खऱ्या पानात एक मधली शीर असते आणि तिला फाटे फुटतात, इथे तीन-चार शिरा बुडापासून टोकापर्यंत शेजारी शेजारी धावतात. बुडाशी टाचणीच्या टोकाएवढी गोड रस पाझरणारी ग्रंथी असते, तिच्यावर मुंग्या येऊन थबकतात. आणि हे चपटे देठ उन्हाकडे तोंड करून पसरत नाहीत, धार वर करून उभे राहतात, म्हणजे दुपारचं ऊन अंगावर न घेता निसटून जातं. कोरड्या देशातून आलेलं झाड. पाणी कसं राखायचं ते त्याला ठाऊक.

इतकं सगळं मी सांगते. मग फळ्यावर रोप काढते आणि म्हणते, "पण हे झाड लहान असतं ना, तेव्हा त्याला खरी पानं असतात. चिंचेसारखी, पिसासारखी. मी स्वतः पाहिलीयत."

पाहिलीयत हे खरं. ती कोणी दाखवली, हे मी कधीच सांगितलेलं नाही.

*

तेव्हा मला कॉलेजात लागून दोन वर्षंही झाली नव्हती. नोकरी हंगामी. दर जूनमध्ये नवं पत्र यायचं आणि दर एप्रिलमध्ये मुदत संपायची. तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना एकेक प्रकल्प करायचा असे, आणि माझ्या वाट्याला आलेल्या सहा जणांत वनिता होती. ओव्याची. खारघरच्या कडेचं ते जुनं गाव; मागे डोंगर, पुढे उंच इमारती. त्यांची भाताची जमीन शहरात गेलेली होती. वडील कुठेतरी माळीकाम करायचे, एवढंच मला माहीत होतं. ती घरातली पहिलीच कॉलेजात आलेली मुलगी. वर्गात फार बोलायची नाही. बोलायची तेव्हा आधी वाक्य मनात जुळवून मग बोलते आहे असं वाटायचं.

बाकीच्या पाच जणांनी औषधी वनस्पती घेतल्या. तुळस, अडुळसा, कोरफड. ते सोपं असतं, त्यांच्यावर हवं तेवढं लिहिलेलं सापडतं. वनिता म्हणाली, "मॅडम, मी ऑस्ट्रेलियन बाभूळ घेऊ?"

"तिच्यात काय आहे?"

तिने दप्तरातून एक गोळ्यांची डबी काढली आणि माझ्या तळहातावर पालथी केली. काळ्या चकचकीत बिया होत्या, आणि प्रत्येक बीला नारिंगी दोरा गुंडाळलेला. या झाडाची शेंग आधी सरळ असते, वाळताना पिळवटत जाते, आणि शेवटी माणसाच्या कानासारखी वाकडी होऊन उलते. शास्त्रीय नावातही तो कान आहे. उललेल्या कानातून या बिया आपल्याच नारिंगी दोऱ्यांना लोंबकळत राहतात, पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून. वनिताने त्या उन्हाळ्यात डोंगराच्या उतारावरून गोळा केल्या होत्या. कशासाठी विचारलं तर म्हणाली, "दोरा आवडला."

मला हसू आलं होतं. मी म्हटलं, घे.

ओल्या मातीत पेरलेल्या त्या बिया महिनाभर दगडासारख्या पडून राहिल्या. मग एक दिवस ती सांगत आली की रुजल्या. कशा? घरी भात वेळल्यावर जे कढत पाणी निघतं, त्यात तिने बिया रात्रभर बुडवून ठेवल्या होत्या. या बियांचं कवच इतकं कठीण असतं की त्यांच्या देशात ते वणव्याच्या आचेनेच सैल होतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तिने वाचलेलं नव्हतं. तिने पेजेच्या पाण्यात करून पाहिलं होतं. मी "छान" म्हटलं आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे वळले.

तो हिवाळा मला गंधासकट आठवतो. कॉलेजच्या मागच्या बाजूला या बाभळींची रांग होती. फुलांना फार मंद, धुळीत मिसळलेला गोड वास असतो. जवळ गेलं तर नाही येत, दूर उभं राहिलं की येतो. न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांनी रस्ता दिवसभर हादरत असायचा आणि त्या हादऱ्याने मंजिऱ्यांतली पूड झडायची. प्रयोगशाळेच्या खिडकीत वनिताने दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रोपं ठेवली होती, वेगवेगळ्या वयांची, ओळीने. दर आठवड्याला ती एक रोप मुळासकट काढायची, वर्तमानपत्रात दाबून वाळवायची आणि जाड कागदावर चिकटवायची. मुळांवरच्या बारीक गाठीसुद्धा तिने जपून ठेवल्या होत्या. खाली निळ्या शाईत वय लिहिलेलं: दहा दिवस, वीस दिवस, पाच आठवडे.

असे सात कागद झाले. ते फाइलमध्ये लावून तिने माझ्या टेबलावर ठेवले. मी सातही कागदांच्या कोपऱ्यात सही केली, "तपासले" असं लिहिलं.

सही करायला मला वेळ होता. बघायला नव्हता.

*

तोंडी परीक्षा फेब्रुवारीच्या अखेरीस होती. बाहेरून एक ज्येष्ठ परीक्षक आले होते. ते आमच्या विद्यापीठाच्या वर्तुळात वजनदार गृहस्थ होते आणि पुढे माझ्या नेमणुकीच्या समितीवरही तेच असण्याची शक्यता आहे, असं कोणीतरी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. सकाळपासून मी त्यांच्यासाठी चहा, पंखा, उशी असलेली खुर्ची, सगळं बघत होते.

वनिताचा नंबर जेवणाच्या आधी शेवटचा. सरांनी तिची फाइल उघडली. पहिला कागद, दुसरा, तिसरा. मग ते परत पहिल्याकडे गेले. चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, हे सगळं एकाच झाडाचं?"

मी वाकून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्या कागदावर इवलंसं रोप होतं आणि त्याला चपट्या देठाचा मागमूस नव्हता. एक साधं पिसासारखं पान, आठ-दहा पर्णिकांचं. दुसऱ्यावर दुहेरी पिसं. तिसऱ्यावरही. पुस्तकातल्या चित्रात मी पाहिलं होतं ते वेगळं होतं: चपटा झालेला देठ आणि त्याच्या टोकाला शिल्लक राहिलेली थोडीशी पिसं. त्या चित्राच्या आधीची पायरी कशी असेल, असा प्रश्न मला शिकताना कधी पडलाच नव्हता. आणि असली पिसं मी रोज कुठे पाहत होते? सुबाभळीच्या रोपांना. ती तर कॉलेजच्या गटारातही उगवतात.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. "सर, मी हे नीट पाहिलेलं नाही" असं म्हणायचं. किंवा दुसरी.

"नाही सर," मी म्हटलं. "पहिली तीन सुबाभळीची दिसतायत. मिसळलीयत तिने. मी तिला सांगितलं होतं."

शेवटचं वाक्य मला कोणी विचारलंही नव्हतं.

वनिताने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखादी वस्तू आपण नक्की इथेच ठेवली होती आणि आता नाही, अशा वेळी माणूस जसा त्या रिकाम्या जागेकडे बघतो, तसं. मग ती सरांना म्हणाली, "सर, खिडकीत रोपं आहेत. जिवंत. दाखवू?"

खिडकी दहा पावलांवर होती. सरांनी घड्याळ पाहिलं. डब्यांचा वास येऊ लागला होता.

"राहू दे," मीच म्हटलं. "बस खाली."

सर समजुतीच्या सुरात बोलले. म्हणाले, "बेटा, निरीक्षण म्हणजे कल्पना नव्हे." कागदाच्या कोपऱ्यातली माझी सही त्यांना दिसली की नाही, मला ठाऊक नाही. दिसली असेल तरी ते बोलले नाहीत. गुणांच्या तक्त्यात त्यांनी एक आकडा लिहिला आणि तक्ता माझ्याकडे सरकवला. मी खाली सही केली.

त्या आकड्याने वनिताचा प्रथम वर्ग गेला. प्रथम वर्ग गेला म्हणून एम.एस्सी.ची जागा गेली. हे मला पुढे जूनमध्ये कळलं. तोवर मी आणखी दोन गोष्टी करून बसले होते.

*

परीक्षेनंतर तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. मी खिडकीपाशी गेले. का गेले? खात्री करून घ्यायला, असं मी स्वतःला सांगत असे. आता वाटतं, खात्री मला तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हाच झाली होती.

सकाळचं ऊन पिशव्यांवर पडलं होतं. सगळ्यात लहान रोपाला नुसती पिसं. त्याच्या शेजारच्याला खाली पिसं आणि वर एका पानाचा देठ किंचित रुंद, जणू कोणी चिमटीत धरून दाबलाय. त्याच्या पुढच्याचा देठ विळ्यासारखा, आणि टोकाला पिसांची शेवटची जोडी, पाहुण्यांनी निघता निघता उंबऱ्यात थांबावं तशी. आणि सगळ्यात मोठ्या रोपाला खाली दोन सुकत आलेली पिसं आणि वर नुसते चपटे देठ, मोठ्या झाडासारखे. एकाच खोडावर सगळा प्रवास. मी भिंग घेऊन बसले. अर्धा तास तरी बसले असेन. वनस्पतिशास्त्र शिकवण्याच्या माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही.

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. गुणांचे तक्ते अजून कॉलेजच्या ऑफिसात होते. प्राचार्यांच्या खोलीपर्यंत एक जिना. "माझी चूक झाली" हे तीन शब्द.

मी उठले आणि एकेक करून सगळी रोपं उपटली.

कागदाच्या पुड्यात गुंडाळून मागच्या खड्ड्यात टाकायला निघाले, तर लॅब झाडणाऱ्या मावशी दारात भेटल्या. पुड्यातून मुळं डोकावत होती.

"चांगली जीव धरलेली रोपं होती हो मॅडम. का काढलीत?"

"तण आहे ते, मावशी."

एप्रिलमध्ये, पेपर संपल्यावर, वनिता आली. स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, रोपं न्यायला आले होते."

"वाळली गं ती. परीक्षेच्या गडबडीत पाणी कोण घालणार?"

ती "बरं," म्हणाली, आणि गेली.

त्या "बरं"चा आवाज मी अनेकदा परत ऐकलाय. पुढच्या वर्षी मी कायम झाले. त्याच्याही पुढच्या वर्षापासून फायलोड शिकवताना फळ्यावर सात पायऱ्यांचं चित्र काढू लागले, आणि मुलं म्हणू लागली की मॅडम असं शिकवतात की डोळ्यांसमोर दिसतं. वाहवा मिळाली की पहिल्यांदा जीभ अडखळते. दहाव्यांदा नाही अडखळत. सवयीने माणसाला काय काय पचतं, ते मी माझ्यावरूनच शिकले.

*

रोपं आणायला मी गेल्या आठवड्यात कोन गावाच्या बाजूला गेले. एक्स्प्रेस-वेच्या अलीकडे तिथे नर्सऱ्यांची रांगच आहे. हिरव्या जाळीखाली कुंड्या, टायरमध्ये लावलेले गुलाब, बाहेर उभे टेम्पो. पहिल्या दोन ठिकाणी नुसते पाम आणि परदेशी फुलझाडं. तिसऱ्या ठिकाणी शिरले, तर ताम्हण, बकुळ, करंज, समुद्रफळ यांच्या ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे पाटी. पाटीवर नाव, आणि त्याखाली बी कुठून आणलं त्या गावाचं नाव. असली पाटी मी कुठल्याच नर्सरीत पाहिली नव्हती. अक्षर निळ्या शाईतलं.

अक्षर मी ओळखलं, आणि माझे पाय जागीच थांबले.

"मॅडम ना तुम्ही?"

चाळिशीतली बाई, केसांच्या अंबाड्यात बॉलपेन खोचलेलं, हात कोपरापर्यंत मातीचे. चेहऱ्यावर आश्चर्य होतं, दुसरं काही मला वाचता येईना. तिने खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. सासर कोनचंच, तिने सांगितलं. आई गेल्यापासून बाबाही इथेच असतात. ही नर्सरी तिने आणि बाबांनी मिळून उभी केली. मी काय हवंय ते सांगितलं. ती उत्साहाने बोलू लागली: कुंपणाला ताम्हण लावा, मुळं पाइपात शिरत नाहीत; सावली हवी असेल तर करंज.

मी ऐकत होते आणि ऐकू येत नव्हतं. शेवटी मध्येच म्हटलं, "वनिता, ती सुबाभूळ नव्हती."

ती थांबली.

"तुझी सगळी रोपं बरोबर होती. मी तुझी फाइल पाहिलीच नव्हती, न बघता सह्या केल्या होत्या. मला तिसऱ्या दिवशी कळलं. आणि वाळली असं मी तुला सांगितलं ना, ती वाळली नव्हती. मी उपटली."

हे बोलायला मला वीस वर्षं लागली आणि बोलायला लागल्यावर अर्धं मिनिटही लागलं नाही.

"माहितीये मला," वनिता म्हणाली. "मावशींनी सांगितलं होतं. मी तुमच्याकडे यायच्या आधीच."

म्हणजे दारात उभी राहून ती मला विचारत होती तेव्हा तिला सगळं माहीत होतं. ती रोपं मागायला आलीच नव्हती. मला एक संधी द्यायला आली होती.

"मग तू बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलायचं, मॅडम? तुम्हालाच ना?"

जाळीतून उन्हाचे बारीक चौकोन तिच्या हातावर पडले होते. ती मातीचे खपले नखाने काढत राहिली. मग म्हणाली, "मार्कांचं मी कधीच सोडून दिलं. खोटं नाही सांगत. वर्षभर वाईट वाटलं, मग या कामात पडले. मला हेच आवडतं. एम.एस्सी. करून बहुतेक कुठेतरी शिकवत बसले असते." ती जरा हसली. "पण बाबांचं नाही विसरले."

"बाबांचं काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं, खरंच आठवत नाही का, हे तपासत असल्यासारखं.

"तोंडी परीक्षेच्या दिवशी बाबा आले होते. मोठी रोपं घरी होती ना, ती टोपलीत घालून एसटीने त्यांनी आणली होती, लागली तर असावीत म्हणून. बाहेर व्हरांड्यात उभे होते. मी रडत बाहेर आले. तुम्ही मागून जेवायला निघालात, सरांना घेऊन. बाबा पुढे झाले. म्हणाले, मॅडम, आमचे पोरीचा काय चुकला? ती रोपा आमी आमचे डोल्यांनी बगलीत."

पुढचं वाक्य तिने अगदी सपाट आवाजात सांगितलं.

"तुम्ही म्हणालात, आधी 'आम्ही' म्हणायला शिका, मग बॉटनी शिकवा. सर हसले. तिथली मुलंही हसली."

मला ते आठवलं नाही. तिथे बसून मी डोकं पिंजून काढलं. व्हरांडा आठवला, डब्यांचा वास आठवला, सरांच्या बुटांचा आवाजही आठवला. टोपली घेऊन उभा असलेला माणूस आठवला नाही. आजही आठवत नाही. इतकी वर्षं मी एक पाप उराशी धरून बसले होते, रात्री-अपरात्री ते काढून बघत होते, त्याच्यामुळे मी जरा बरी बाई आहे असंही मनातल्या मनात समजत होते. आणि खरं जे केलं होतं त्याची माझ्याकडे नोंदसुद्धा नव्हती. सहज बोलून गेले होते. जेवायला जाता जाता.

"तेव्हापासून बाबा शाळा-कॉलेजच्या माणसांपुढे तोंड उघडत नाहीत," वनिता म्हणाली. "माझ्या मुलीच्या शाळेत सोडायला जातात, गेटबाहेर उभे राहतात. बक्षीस समारंभाला आत चला म्हटलं, तर नको म्हणतात. एरवी बघा, दिवसभर तोंड चालू असतं."

खरंच चालू होतं. जाळीच्या पलीकडून एक खणखणीत आवाज येत होता. पिशव्यांना पाणी घालणाऱ्या बाईला कोणीतरी झापत होतं, "आगो किती पानी टाकतंस! रोप हाय ता, म्हस नाय!" आणि ती बाई खळखळून हसत होती.

"मी त्यांची माफी मागते," मी उठत म्हटलं.

"नको," ती पटकन म्हणाली. "कदाचित विसरले असतील. तुम्ही परत आठवण नका देऊ. मागायचीच असेल तर..." ती विचार करू लागली. "काहीतरी विचारा त्यांना. झाडाचं. त्यांना खूप माहितीये, मॅडम. मला जे येतं ते त्यांच्याकडूनच आलंय."

आम्ही जाळीपलीकडे गेलो. पांढऱ्या बनियनमधला, वाळून काटक झालेला म्हातारा मातीच्या ढिगापाशी मांडी घालून बसला होता. खत मिसळलेली माती पिशवीत भरायची, दोन ठोके द्यायचे, अंगठ्याने भोक पाडायचं, बी टाकायचं, पिशवी ओळीत ठेवायची. तोंडाने बोलणं आणि हाताने काम, दोन्हींचा ताल एकच. आम्हाला बघूनही त्यांचं बोलणं चालूच राहिलं, "वनू, त्या करंजाचा टेम्पो आयला नाय काय गो अजून?"

"येतोय," वनिता म्हणाली. "बाबा, या मॅडम. माझ्या कॉलेजच्या."

आवाज बंद झाला. इतका अचानक की पाणी घालणारी बाईही वळून बघू लागली. ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू, पण उठले. दोरीवरचा सदरा ओढून अंगात घातला, बटणं लावली, हात सदऱ्याला पुसले आणि नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं की नाही, मला कळलं नाही.

"बसा ना, बाबा," मी म्हटलं. ते बसले नाहीत.

मग मी विचारलं. आमच्या सोसायटीत दोन ऑस्ट्रेलियन बाभळी आहेत, त्यांच्याखाली पानांचा थर साचतो, वर्षानुवर्षं कुजत नाही; झाडं काढायची परवानगी नाहीच मिळाली, तर त्यांच्या सावलीत दुसरं काही जगेल का? प्रश्न खरा होता. मला उत्तर माहीत नव्हतं.

ऐकताना त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलले नाहीत. उत्तर त्यांच्यापाशी तयार होतं, ते दिसत होतं. ओठ एकदा हललेही. पण ते थांबले. खाली मातीकडे पाहिलं. मनात काहीतरी जुळवलं. आणि मग भरून आलेल्या ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत यावं तसे एकेका शब्दावर थांबत, सावकाश बोलले:

"आम्ही... लावून बघितलं होतं, मॅडम. आम्ही पानं आधी बाजूला केली. नाहीतर... नाहीतर काही होत नाही."

प्रत्येक 'ह' त्यांनी वेगळा, जपून उच्चारला होता. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वनिताकडे पाहिलं, बरोबर बोललो ना, असं विचारल्यासारखं.